नवऱ्याचं कर्ज बायकोला फेडावं लागतं का?

मोगरा_नाशिक
नमस्कार मंडळी. माझ्या मावसबहिणीचे यजमान दिवाळीनंतर हार्ट अटॅकने गेले. अंबड एमआयडीसीत त्यांचं जॉबवर्कचं शेड होतं, भाड्याचं. दोन लेथ, एक मिलिंग. सिडकोत फ्लॅट आहे. मुलगी दहावीला, मुलगा सहावीत, सासूबाई यांच्याकडेच असतात.

तेरावं झालं आणि फोन सुरू झाले. फ्लॅटचं कर्ज दोघांच्या नावावर आहे, ते तिला माहीत होतं. एका पतसंस्थेचं धंद्याचं कर्ज आहे, तिथे तिनेही "कसल्यातरी कागदांवर" सह्या केल्यात म्हणते. दोन क्रेडिट कार्डं फक्त त्यांच्या नावावर. शिवाय पंचवटीतले एक गृहस्थ डायरी घेऊन घरी आले. म्हणाले, तीन लाख हातउसने दिलेत, महिन्याला तीन टक्क्याने. कार्डवाले म्हणतात, "तुम्ही बायको आहात, तुम्हालाच भरावं लागेल."

दीर सांगतो कुणालाच काही देऊ नको. सासूबाई म्हणतात, देणं फिटल्याशिवाय त्याच्या जिवाला शांती नाही. बहिणीने पाटल्या विकायला काढल्यात. कुणाचं ऐकायचं?

सातपूरकर
फार वाईट झालं. तूर्त एवढंच सांगा त्यांना, की कुठल्याही नव्या कागदावर सही करू नका आणि कुणालाही स्वतःच्या खात्याचा चेक देऊ नका. बाकी जाणकार लिहितीलच.

निवृत्त_बँकवाला
मोगराताई, पाटल्या आधी कपाटात परत ठेवायला सांगा.

नोकरीत मी अनेक वर्षं कर्जखातीच पाहिली आहेत, त्या अनुभवावरून लिहितो. आपल्याकडे लग्न झालं म्हणून एकाचं कर्ज दुसऱ्याचं होत नाही. कर्ज सहीने अंगाला लागतं. म्हणून प्रत्येक कर्जाचा कागद वेगळा काढून बघायचा, त्यावर बहिणीचं नाव कोणत्या नात्याने आहे.

फ्लॅटचं कर्ज: ती सहकर्जदार आहे, म्हणजे पूर्ण रकमेला जबाबदार. "माझा अर्धा हिस्सा" हे बँकेपुढे चालत नाही. पण कर्ज घेताना विमा उतरवला होता का, हे मंजुरीपत्रात आणि खातेउताऱ्याच्या पहिल्या पानावर बघा. पुष्कळदा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवलेला असतो आणि घरच्यांना पत्ता नसतो. त्यांच्या बचत खात्याचं पासबुकही चाळा. मे महिन्याच्या शेवटी ४३६ रुपये वजा झालेले दिसले तर ती जीवनज्योती विमा योजना, दोन लाखांची. तो दावा लगेच टाका.

पतसंस्था: सही कर्जदार म्हणून, जामीनदार म्हणून की नुसती साक्षीदार म्हणून, यावर सगळं ठरेल. जामीनदार असेल तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे तिची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी कर्जदाराच्या मागे लागा, मग माझ्याकडे या, असं जामीनदाराला म्हणता येत नाही.

कार्डं: तिची सही नाही, तर तिच्या स्वतःच्या पगारातून, दागिन्यांतून एक रुपया वसूल होऊ शकत नाही.

वकिली_चष्मा
बँकवाला काकांनी नेमकं लिहिलंय. मी नाशिक कोर्टात दिवाणी कामं करते. त्यात एक भर घालते, कारण "कार्डाचं काहीच द्यायचं नाही" असा अर्थ निघायला नको.

माणूस गेला तरी कर्ज मरत नाही. ते त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेवर बसतं. दिवाणी प्रक्रिया संहितेची कलमं ५० आणि ५२ सांगतात की वारसाची जबाबदारी, त्याच्या हातात मयताची जेवढी मालमत्ता आली, तेवढ्यापुरतीच. फ्लॅटमधला यजमानांचा हिस्सा, मशीनं, गाडी, बँकेतली ठेव, हे सगळं त्यात येतं. बहिणीचा स्वतःचा हिस्सा, माहेरचं सोनं, तिची कमाई यात येत नाही. आणि वारस ती एकटी नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ती, दोन्ही मुलं आणि सासूबाई, चौघे समान वारस.

सोन्याबद्दल: १९८५ च्या प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधन हे पूर्णपणे स्त्रीचं असं स्पष्ट केलंय. जप्ती आलीच तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्याच कलम ६० प्रमाणे अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रीतीने बाई अंगावरून उतरवू शकत नाही तो दागिना आणि कारागिराची अवजारं जप्त होत नाहीत.

सासूबाईंचं मन मोडू नका. पण त्यांना एक जरूर सांगा. जुन्या हिंदू कायद्यातसुद्धा बापाचं देणं फेडण्याचं धर्मकर्तव्य मुलावर, नातवावर होतं, बायकोवर नव्हतं. आणि उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने, म्हणजे ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जांसाठी, तेवढ्या एका कारणावरून मुला-नातवांवर दावा लावणंही बंद झालं.

द्राक्षवाला_निफाड
वकीलताई, तुमच्या या "हातात आलेल्या मालमत्तेपुरतं" ह्याच्यात शेतकऱ्याची बायको पुरती अडकते, ते बी लिहा. आमच्याकडं सोसायटीचं पीककर्ज, बागेचं मध्यम मुदतीचं, ठिबकचं, सगळा बोजा सातबाऱ्यावर इतर हक्कात चढलेला असतो. माणूस गेला की तलाठ्याकडं वारस नोंद लागते, बाईचं नाव चढतं आणि जमीन बोज्यासकट तिच्याकडं येते. तिनं सही केलेली असो नसो. जमीन सोडली तर खायचं काय?

माझ्या चुलतभावाच्या मागं वहिनीनं तीच बाग सांभाळून कर्ज उतरवलं. फवारणीपास्नं छाटणीपर्यंत सगळं शिकली. पण पहिल्या वर्षी तिला सोसायटीत किती देणं आहे हेच कोण सांगंना. "घरातल्या माणसाला पाठवा" म्हणायचे. आता ती बाईच घरातलं माणूस नव्हती काय?

स्वराली
द्राक्षवाला दादा, शेवटचं वाक्य वाचून गलबलून आलं. तुमच्या वहिनींना नमस्कार सांगा.

अंबडचा_पुरवठादार
धागा सकाळपासून वाचतोय. सगळे एकाच बाजूने बोलताहेत, म्हणून दुसरी बाजू लिहितो. राग मानू नका.

माझा कटिंग टूल्स आणि बार स्टॉकचा पुरवठा आहे. छोट्या शेडवाल्यांना आम्ही उधारीवरच माल देतो, नाहीतर अर्धी एमआयडीसी बंद पडेल. असाच एक जण गेला. माझे साडेचार लाख अडकले. त्याच्या बायकोने सांगितलं, "मला काही माहीत नाही, सही माझी नाही." खरंच नव्हती. पण त्याच शेडच्या कमाईवर घर उभं राहिलं, मुलांच्या फिया भरल्या गेल्या. मशीनं मेहुण्याने रातोरात हलवली. मी कोर्टात गेलो नाही, कारण वकिलाचा खर्च आणि वर्षं मला परवडणारी नव्हती. माझ्याकडेही तीन पोरं कामाला आहेत, त्यांचे पगार मी थांबवले नाहीत.

कायद्याने बायको जबाबदार नाही, मान्य. पण संसार दोघांचा, तर देणं एकट्याचं कसं?

कॉलेजरोडची
पुरवठादार दादा, तुमचे पैसे बुडाले ते चुकीचंच झालं. पण "संसार दोघांचा तर देणं दोघांचं" याला माझा ठाम विरोध आहे. कमाई कुठून येते, उधारी किती, कशासाठी, हे बायकोला विचारून ठरतं का? बहुतेक घरांत नाही. निर्णयात नाही, फक्त फेडण्यात भागीदार, हे मला मान्य नाही.

वकिली_चष्मा
@अंबडचा_पुरवठादार, तुमच्या बाबतीत कायदा तुमच्या बाजूनेच होता. मशीनं ही मयताची मालमत्ता होती. ती वारसांनी हलवली असेल तर तेवढ्या किमतीचा हिशोब त्यांना द्यावा लागला असता, आणि हिशोब देता आला नाही तर कलम ५२ प्रमाणे तेवढी रक्कम वारसाच्या स्वतःच्या मालमत्तेतूनही वसूल होते. म्हणून मोगराताईंच्या बहिणीच्या दिरालाही सांगते, शेडमधलं काहीही हलवू नका. आज हुशारी वाटेल, उद्या तीच वहिनीच्या अंगाशी येईल.

कॉलेजरोडची
माझा अनुभव घटस्फोटाचा आहे, धाग्याशी जवळचा म्हणून लिहिते.

आम्ही पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतला होता, कर्ज दोघांच्या नावावर. परस्परसंमतीने वेगळे झालो. अटींमध्ये स्वच्छ लिहिलं होतं की फ्लॅट त्याचा आणि हप्तेही तोच भरेल. न्यायालयाचा शिक्का, हुकूमनामा, सगळं रीतसर. मला वाटलं, सुटले.

काही काळाने त्याने हप्ते थांबवले. बँकेची नोटीस माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर. मी हुकूमनामा दाखवला तर मॅनेजर शांतपणे म्हणाले, "मॅडम, या प्रकरणात बँक पक्षकार नव्हती. आमच्यासाठी तुम्ही दोघेही अजून कर्जदार आहात." माझा सिबिल स्कोअर इतका कोसळला की आईच्या ऑपरेशनसाठी साधं पर्सनल लोन मिळालं नाही.

घटस्फोट घेणाऱ्या प्रत्येकीला आणि प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे: संयुक्त कर्ज आधी बंद करा, किंवा बँकेकडून तुमचं नाव काढल्याचं लेखी पत्र घ्या, आणि मगच अंतिम सही करा. बँक नवऱ्याचं उत्पन्न पुन्हा तपासते, कमी पडलं तर त्याच्या घरातला दुसरा सहकर्जदार मागते. वेळ लागतो. लागू द्या.

वकिली_चष्मा
+१. भरलेले पैसे तुम्हाला हुकूमनाम्याच्या आधारे त्याच्याकडून वसूल करता येतात, पण ते नंतर आणि वेगळं प्रकरण करून.

पोटगीच्या प्रकरणांतही कर्जाचा मुद्दा येतोच. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. तिथे अचानक मित्रांकडून घेतलेली "हातउसनी" देणी उगवतात. ती कधीची, कशासाठी, पैसे खात्यातून आले का, हे विचारायला लाजू नका.

गंगापूररोड_निवासी
मला एक साधा उपाय वाटतो. धंदा करणाऱ्याने घर आधीच बायकोच्या नावावर करून टाकावं. मुद्रांक शुल्कातही महिलेला एक टक्का सूट आहे. म्हणजे उद्या काही झालं तरी घर सुरक्षित.

वकिली_चष्मा
धंदा नीट चालू असताना, स्वतःच्या पांढऱ्या पैशातून केलं तर जरूर. पण देणेकरी दारात उभे असताना बक्षीसपत्र केलं तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली देणेकरी ते रद्द करून घेऊ शकतात.

खरोखरचं संरक्षण हवं असेल तर नवऱ्याने स्वतःच्या आयुष्याचा विमा विवाहित महिला मालमत्ता कायदा, १८७४ च्या कलम ६ खाली घ्यावा. पॉलिसी घेतानाच तसा अर्ज भरायचा. ती रक्कम बायको-मुलांसाठी विश्वस्त निधी होते, देणेकऱ्यांना तिला हात लावता येत नाही. दीडशे वर्षांचा जुना कायदा आहे आणि धंदेवाल्यांपैकी फार थोडे तो वापरतात. नोकरदारांचा पीएफसुद्धा मृत्यूनंतर नॉमिनीकडे कर्जमुक्त जातो.

निवृत्त_बँकवाला
गंगापूररोडकर, बायकोच्या नावावर घर करा इथवर ठीक. पण मी याची दुसरी टोकाची प्रकरणं पुष्कळ पाहिलीत, जिथे धंदाच बायकोच्या नावावर असतो. जीएसटी नंबर तिचा, चालू खातं तिचं, कर्ज तिचं, आणि बाई आयुष्यात कधी त्या दुकानाची पायरी चढलेली नसते. नवऱ्याचा सिबिल आधीच बिघडलेला असतो, म्हणून तिचं नाव. बुडालं की मुख्य कर्जदार ती. "मला माहीत नव्हतं" हे कुणी ऐकत नाही. कर्ज देताना मी अशा बायकांना एकटीला समोर बसवून विचारायचो, ताई, हे पैसे कशाला घेताय? उत्तर आलं नाही तर फाइल परत.

सिन्नरची_सून
काका, आमच्या बचत गटात तर हे दर महिन्याला दिसतं. मायक्रोफायनान्सचं कर्ज बाईच्या नावावर, पैसे नवऱ्याच्या गाडीच्या डाउन पेमेंटला. हप्त्याच्या दिवशी मात्र गटातल्या बाकीच्या बायका तिच्या दारात. एकीने नाही भरलं तर आम्हाला भरायला लावतात.

जुने_नाशिककर
आमच्याकडची एक गोष्ट इथे कुणाला माहीत नसेल. मुस्लिम कायद्यात नवऱ्याने मेहर दिली नसेल तर ते त्याचं कर्जच, आणि ते कुणाला द्यायचं, तर बायकोला. वाटण्या होण्याआधी मयताच्या मालमत्तेतून दफनाचा खर्च आणि देणी फेडायची असतात, त्यात मेहरही येते. माझ्या आजीला ती मिळाली होती, त्यावर तिने शिवणयंत्र घेतलं. सगळ्या आयांनी मुलींना हे सांगायला हवं.

दूरदेशी
अवांतर: इथे कॅलिफोर्नियात उलट आहे. लग्न टिकून असताना एकाने केलेल्या कर्जाला दोघांची सामाईक मालमत्ता जबाबदार धरतात. लग्न ठरलं की आम्ही एकमेकांचे क्रेडिट रिपोर्ट बघितले होते!

माणगावकर_पणजी
गोव्यातही लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता सामाईक. त्यामुळे नाशिकचा नियम सरसकट सगळीकडे लावू नका.

सातपूरकर
दूरदेशी, आपल्याकडे छत्तीस गुण जुळवतात, त्यात सदतिसावा सिबिलचा घालायला हरकत नाही. खरंच सांगतो, माझ्या मुलीच्या वेळी मी विचारणार आहे.

मोगरा_नाशिक
सगळ्यांचे मनापासून आभार. बहिणीला प्रतिसाद वाचून दाखवले. काल आम्ही दोघी कागद घेऊन बसलो आणि पतसंस्थेतही जाऊन आलो. काय निघालं ते लिहिते.

फ्लॅटच्या कर्जावर विमा निघाला! मंजुरीपत्रात आहे, हप्ताही कापलेला आहे. दाव्याचा अर्ज बँकेने घेतला, पोच दिली. पासबुकात ४३६ रुपयेही दिसले.

पतसंस्थेत ती जामीनदार आहे. दुसरे जामीनदार म्हणून त्यांचे मित्र आहेत. मशीनं तिथे नजरगहाण आहेत, म्हणजे कर्जाला तारण, पण ताबा आपल्याकडेच. त्यांचे वसुली अधिकारी म्हणाले, "बाकी मान्य आहे असं पत्र द्या आणि नवीन हप्ते बांधून घ्या, नाहीतर सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला काढू." तिने सही केली नाही, विचार करून सांगते म्हणाली.

पंचवटीच्या गृहस्थांच्या डायरीत फक्त त्यांचंच अक्षर आहे. यजमानांची सही कुठेच नाही, खात्यात तेवढी रक्कम आलेलीही दिसत नाही. कार्डवाले अजून रात्री नऊ-नऊला फोन करतात. तिने आता काय करावं?

वकिली_चष्मा
ताईंनी सही केली नाही हे उत्तम.

डायरीवाले: व्याजाने पैसे देण्याचा परवाना दाखवा, असं लेखी विचारा. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवाना लागतो. नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार होते. मात्र एखाद्या खऱ्या मित्राने बिनव्याजी दिलेले पैसे ही सावकारी नव्हे, ते मयताचं देणं धरावं लागेल.

कार्डवाले: १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला मनाई केली आहे. मृत्यूचा दाखला जोडून बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल करा, थकबाकीचा उतारा मागवा, फोनवर बोलू नका.

पतसंस्था: १०१ ला घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. सहकार कायद्यात त्या दाखल्यावर थेट जप्ती करता येते. सहायक निबंधकांकडून नोटीस आली की तारखेला हजर राहायचं आणि व्याजाचा हिशोब मागायचा. जामीनदार दोन आहेत, एकीनेच सगळं उचलायचं नाही. जो जास्त भरेल त्याला दुसऱ्याकडून त्याचा वाटा मागता येतो. मशीनं पतसंस्थेच्या संमतीने विकून रक्कम कर्जात घ्या, मग उरलेल्याची तडजोड करा.

वकिलाच्या फीची चिंता नको. विधी सेवा कायद्याप्रमाणे महिलेला उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, हेल्पलाइन १५१००.

अंबडचा_पुरवठादार
मोगराताई, एक राहून गेलं, ते कुणी विचारलंच नाही. भाऊंची देणी सगळ्यांनी मोजली, येणी कुणी मोजली? जॉबवर्कवाल्याचे पैसे कंपन्यांकडे महिनोन् महिने अडकलेले असतात. शेडमधली चलन बुकं, बिलांची फाइल आणि जीएसटीचे रिटर्न आधी ताब्यात घ्या. उद्यम नोंदणी असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायला हवेत, नंतर व्याज लागतं.

मशीनांचं मूल्यांकन मी येऊन करून देतो, पैसे नकोत. पतसंस्थेने बोलावलेला भंगारवाला लेथला लोखंडाचा भाव देईल.

मोगरा_नाशिक
दादा, तुमचे आभार कसे मानू? चलन बुकं आहेत, तीन कंपन्यांची बिलं बाकी दिसतात. पण त्यातली एक कंपनी म्हणते, पैसे कुणाच्या नावे द्यायचे? वारस कोण, हे आम्हाला कसं कळणार?

वकिली_चष्मा
त्यासाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र लागेल, १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली, दिवाणी न्यायालयातून. मृत्यूचा दाखला, चौघा वारसांची आधार कार्डं, बिलांची यादी रकमेसकट, एवढं तयार ठेवा. सासूबाईंची संमती आधीच घ्या, वेळ वाचेल. बिलाची मुदत साधारण तीन वर्षं असते, तेव्हा सगळ्यात जुनं बिल आधी बघा.

अंबडचा_पुरवठादार
शनिवारी एमआयडीसीला सुट्टी असते. सकाळी दहाला शेडवर येतो, मीटर आणि टेप घेऊन. चावी बहिणीजवळच असू द्या, आणि तिलाही घेऊन या. कोणत्या मशीनवर काय काम व्हायचं, ते तिच्यासमोर लिहून काढू.